कर्नल लहान हवा की सांभाळलेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्वयंसेवकांनी चालवलेल्या हलक्या लिनक्स डिस्ट्रोने (जुन्या यंत्रांसाठीच्या तयार ऑपरेटिंग सिस्टिमने) स्वतःचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा, बांधत बसू नये, ज्या डिस्ट्रोच्या पायावर ती उभी आहे तिचाच दीर्घ मुदतीचा (वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळत राहणारा) कर्नल घ्यावा, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नवे कर्नल फुगलेले आहेत, ४.१९ ही जुनी आवृत्ती जुन्या यंत्रावर जास्त चपळ चालतो. 'हलकी' म्हणवणाऱ्या डिस्ट्रोने हजारो अनावश्यक मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) वाहणं ही वापरणाऱ्याची फसवणूक आहे. आणि सुरक्षेची काळजी सर्व्हरवाल्यांनी करावी, घरातल्या जुन्या लॅपटॉपला तिचं काय. यातलं काही मला पटतं, ते पुढे येईलच. निष्कर्ष मात्र पटत नाही. अशा डिस्ट्रो टिकाव्यात असं तुमच्याइतकंच मलाही मनापासून वाटतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी फुगण्याचं बघू. टर्मिनल उघडा, सुडो लावून (प्रशासकाच्या हक्काने) 'डीमेसेज' ही कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा चालवा आणि अगदी सुरुवातीच्या भागात 'मेमरी' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. एकूण रॅमपैकी किती उपलब्ध आहे ते तिथे दिसतं आणि पुढे कंसात हिशोब असतो: कर्नल कोड इतके के, आरडब्ल्यूडेटा इतके के, आणि असेच कर्नलच्या इतर भागांचे आकडे. सर्वसाधारण वापरासाठी बांधलेल्या ६४-बिट कर्नलमध्ये 'कर्नल कोड'चा आकडा चौदा-पंधरा हजार के, म्हणजे १४-१५ एमबीच्या आसपास असतो. त्यातला 'इनिट' हा फक्त सुरुवातीला लागणारा भाग बूट झाल्यावर मोकळा केला जातो, त्याचीही ओळ खाली सापडेल. हीच ओळ ४.१९ आणि नव्या ६.१ वर काढून शेजारी ठेवा. फरक आहे, पण तो काही एमबींचा आहे. २ जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरमध्ये एक वर्तमानपत्राची साइट उघडली की त्याच्या कितीतरी पट रॅम जाते. यंत्र हँग होतं ते तिथे.

मॉड्यूलच्या बाबतीत तुमच्या लिखाणात डिस्क आणि रॅम यांची गल्लत झाली आहे असं मला वाटतं. मॉड्यूलचं फोल्डर मोठं असतं हे खरं, आणि आयएसओ (डिस्ट्रो बसवण्याची फाइल) सीडीवर मावावी असा ज्यांचा आग्रह आहे त्यांना ते जाचतं हेही खरं. पण मॉड्यूल डिस्कवर पडून असलं म्हणून रॅम खात नाही. 'एलएसमॉड' चालवलंत की जी यादी येते तेवढीच मॉड्यूल चढलेली असतात. बाकीची हार्डवेअर जोडलं जाण्याची वाट बघत असतात.

तुम्ही सुचवलेला उपाय म्हणजे 'लोकलमॉडकॉन्फिग'. हा पर्याय २.६.३२ पासून कर्नलमध्ये आहे आणि स्वतःच्या एका यंत्रासाठी कर्नल बांधायचा असेल तर फार उपयोगी आहे. तो त्या क्षणी चढलेली मॉड्यूल बघतो आणि बाकीची कॉन्फिगमधून काढून टाकतो. पण डिस्ट्रो एका यंत्रासाठी नसते. समजा, कोणीतरी जुना लॅपटॉप काढला आणि तुमची डिस्ट्रो टाकली. वायफायला फर्मवेअर (त्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम) लागतं आणि ते आयएसओमध्ये नाही. तो माणूस काय करेल? फोन केबलने जोडेल, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून घेणं) चालू करेल आणि फर्मवेअर उतरवून घेईल. त्यासाठी लागतं 'आरएनडीआयएस-होस्ट' किंवा 'सीडीसी-एनसीएम' हे मॉड्यूल. कर्नल बांधणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी फोन जोडलेला नव्हता, म्हणून ते छाटलं गेलं. आता त्या माणसाकडे वायफायही नाही आणि वायफाय दुरुस्त करण्याची वाटही नाही. काही केबीची फाइल वाचवून आपण एक वापरकर्ता कायमचा घालवला. नको तेवढी छाटणी जुन्या यंत्रांनाच जास्त भोवते, कारण तिथे काय जोडलं जाईल याचा नेम नसतो.

आता चपळपणा. तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण तुलना नेमकी कशाची झाली हे तपासा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष उघड झाले, त्यानंतर कर्नलमध्ये जे बचाव आले त्यांनी जुन्या इंटेल प्रोसेसरचा वेग खरोखरच कमी केला. बरेच लोक २०१८ च्या आधीचा कर्नल आठवणीत ठेवून आजच्या कर्नलला नावं ठेवतात. ४.१९ ऑक्टोबर २०१८ चा, म्हणजे हे बचाव त्यातही आहेत. मेल्टडाउनवरचा बचाव, म्हणजे कर्नलचं पेज-टेबल (मेमरीचा नकाशा) वेगळं ठेवणं, ३२-बिटसाठी तर ४.१९ मध्येच दाखल झालं. हे बचाव बंद करणारा 'मिटिगेशन्स=ऑफ' हा बूट पर्याय दोन्हीकडे चालतो. तो लावून आणि न लावता, दोन्ही कर्नलवर मोजा. इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावर कोणी तो लावला तर माझी हरकत नाही. डिस्ट्रोने तो सगळ्यांच्या वतीने लावू नये, एवढंच. आणि पहिल्या पिढीचे ॲटम असलेली नेटबुक तुमच्याकडे असतील तर त्यांना मेल्टडाउन लागूच नाही, कर्नल ते ओळखून तो बचाव आपणहून बंद ठेवतो.

नव्या कर्नलच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. रॅम कमी पडल्यावर मेमरीची कोणती पानं (तुकडे) बाहेर काढायची हे ठरवणारी नवी पद्धत, मल्टी-जनरेशनल एलआरयू, ६.१ मध्ये आली. काही ठिकाणी ती कर्नलमध्ये असते पण चालू केलेली नसते. '/सिस/कर्नल/एमएम/एलआरयू_जेन' मधली 'इनेबल्ड' फाइल वाचून तपासता येतं. झेडरॅमच्या (रॅममध्येच दाबून ठेवलेल्या स्वॅपच्या) जोडीने ती चालू केली की कमी रॅमच्या यंत्रावर टॅब बदलताना होणारी तडफड कमी होते. जुन्या यंत्राला ज्याची सगळ्यात जास्त गरज आहे ते नव्या कर्नलमध्ये आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी तो लेख लिहिला त्याकडे येतो. ४.१९ या शाखेची शेवटची आवृत्ती ४.१९.३२५, डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि शाखा बंद झाली, म्हणजे तिच्या अधिकृत दुरुस्त्या थांबल्या. सहा वर्षांत ३२५ आवृत्त्या, म्हणजे सरासरी आठवड्याला एक. स्वतःचा कर्नल बांधणाऱ्या डिस्ट्रोसाठी याचा अर्थ असा की दर आठवड्याला नाही तरी दर महिन्याला कोणीतरी सोर्स उतरवायचा, कॉन्फिग जुळवायची, कंपाइल करायचं, वेगवेगळ्या चार-पाच यंत्रांवर बूट करून बघायचं, पॅकेजवर सही करायची आणि रिपॉझिटरीत (डिस्ट्रोच्या पॅकेजच्या साठ्यात) चढवायचं. ६४-बिट आणि ३२-बिट दोन्ही असतील तर काम दुप्पट. हे सगळं नोकरी सांभाळून, रात्री जागून करणारी दोन-तीन माणसं. त्यातल्या एकाला मूल झालं, दुसऱ्याने नोकरी बदलली, की कर्नल आहे तिथेच थांबतो. आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही, कारण अपडेट येत नाही याची सूचना कुठेच दिसत नसते.

बंद झालेल्या शाखेत निवडक पॅच (दुरुस्तीचे तुकडे) आपणच बसवू, असं तुम्ही म्हणता. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलचे लोक स्वतःच सुरक्षादोषांना सीव्हीई हे ओळख क्रमांक देतात आणि त्यांचा ओघ इतका मोठा आहे की एकेक तपासून 'हा आपल्याला लागू, हा नाही' असं ठरवणं छोट्या गटाच्या आवाक्यातलं नाही. स्थिर शाखा सांभाळणारे लोक याच कारणासाठी सांगत आले आहेत की तुकडे वेचू नका, अख्खी आवृत्ती घ्या. सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म या प्रकल्पाचे लोक ४.१९ अजून सांभाळतात हे मला ठाऊक आहे. पण त्यांचा रोख औद्योगिक यंत्रणांवर आहे, आपल्या जुन्या लॅपटॉपच्या साउंड चिपवर नाही.

२०२३ मध्ये आणखी एक बदल जाहीर झाला: दीर्घ मुदतीच्या कर्नलची मुदत सहा वर्षांवरून दोन वर्षांवर येणार. कुठल्या शाखेला किती काळ आधार मिळेल हे आता आधीइतकं गृहीत धरता येत नाही. म्हणून ज्या कर्नलमागे एखाद्या मोठ्या डिस्ट्रोचा कर्नल गट उभा आहे तो घ्या, असं मी म्हणतो. डेबियन १२ चा ६.१ तसा आहे, डेबियन १३ चा ६.१२ तसा आहे. तुमचे स्वयंसेवक मग मेनू, डेस्कटॉप, भाषांतर, मदतपुस्तिका यांवर वेळ देऊ शकतात, आणि हलक्या डिस्ट्रोची खरी ओळख तिथेच घडते.

सुरक्षेबद्दल तुम्ही डर्टी पाइप या कर्नलमधल्या सुरक्षादोषाचं उदाहरण दिलंत: ती चूक ५.८ मध्ये शिरली, ४.१९ वाले सुरक्षित राहिले. बरोबर आहे, नव्या कोडसोबत नव्या चुका येतात. पण त्या गोष्टीचा उत्तरार्धही बघा. दुरुस्ती असलेल्या ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ या आवृत्त्या २३ फेब्रुवारी २०२२ ला आल्या आणि चूक जाहीर झाली ७ मार्चला. ज्यांचा कर्नल सांभाळला जात होता त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचायला जवळपास दोन आठवडे मिळाले. उलट डर्टी काऊ ही तशीच दुसरी चूक २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासून कर्नलमध्ये होती आणि २०१६ पर्यंत राहिली. जुना कोड मुरलेला असतोच असं नाही. आणि घरच्या लॅपटॉपचं म्हणाल तर लोक त्यावरूनच बँकेचे व्यवहार करतात.

जुन्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढले, ही तुमची तक्रार अर्धी खरी आहे. ६.३ मध्ये सॅव्हेज, आर१२८, एमजीए, एसआयएस वगैरे जुन्या ग्राफिक्स चिपचे डीआरआय-१ (जुन्या पद्धतीचे) ड्रायव्हर गेले. पण मेसा या ग्राफिक्स लायब्ररीने त्यांना २०१२ मध्येच, ८.० आवृत्तीत सोडलं होतं, त्यामुळे कर्नलमधला तो भाग बहुतेकांसाठी तेव्हापासूनच निरुपयोगी होता. खरी अडचण एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठीच्या ३४० या ड्रायव्हर मालिकेची आहे. तिचा कंपनीकडून मिळणारा आधार २०१९ च्या अखेरीस संपला, पुढच्या कर्नलवर ती फक्त स्वयंसेवकांच्या पॅचवर चालते, आणि नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर प्रत्येक कार्डावर समाधानकारक चालतो असं नाही. इथे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे: अशा यंत्रांसाठी रिपॉझिटरीत दुसरा, जुना पण अजून आधार असलेला कर्नल ठेवायला हवा. आज तो ५.१०, त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. मात्र आयएसओमध्ये आपोआप बसणारा कर्नल तो नसावा. ज्याला गरज आहे तो निवडेल, आणि निवडताना मुदतीची तारीख त्याच्या डोळ्यांसमोर असेल अशी सोय इन्स्टॉलरमध्ये करा.

राहिला ३२-बिटचा प्रश्न, आणि माझा सल्ला अपुरा पडतो तो इथे. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलच दिलेला नाही, तेव्हा त्या पायावर उभ्या डिस्ट्रोला ३२-बिट द्यायचं असेल तर कर्नल स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नाही. मी अशा गटाला डेबियन १२ वर थांबायला सांगेन. तिथे ६८६-पीएई (पीएई म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणारी सोय) आणि पीएई नसलेला ६८६ असे दोन्ही कर्नल मिळतात, आणि ६.१ ची मूळ शाखाही डिसेंबर २०२७ पर्यंत सांभाळली जाणार आहे. तुमच्या पेंटियम एम लॅपटॉपवर पीएई कर्नल बूट होत नाही असं तुम्ही लिहिलं आहे. त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये पीएई असतं पण ते तसं कळवत नाहीत. बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' टाकून बघा. तरीही अडलं तर पीएई नसलेला ६८६ घ्या आणि दोन्ही वेळच्या 'डीमेसेज'मधली ती मेमरीची ओळ इथे खाली टाका, म्हणजे पुढचं बोलणं आकड्यांवर करता येईल.