पाठीतलं इंजेक्शनच सेफ असं नाही
एका लेखात लिहिलंय की म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर ऑपरेशनला पाठीतलंच इंजेक्शन (कमरेखालचा भाग बधीर करणारं) घ्या, पूर्ण भुलीने डोक्यावर परिणाम होतो. आईच्या वेळी आम्हीपण हेच धरून बसलो होतो, भूलतज्ज्ञ मॅडमशी वाद घातला. पण २०२१ ची रिगेन ट्रायल (दोन्ही भुलींची तुलना करणारा अभ्यास) बघा, अमेरिका-कॅनडातले खुबा मोडलेले पन्नाशीपुढचे १६०० पेशंट, ६० दिवसांत मृत्यू किंवा चालता न येणं हे पाठीतल्या इंजेक्शनला १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीला १८, भ्रमही (ऑपरेशननंतर माणूस गोंधळून जाणं) दोन्हीकडे साधारण तेवढाच. आईला तर पाठीतच दिलं होतं, तरी दुसऱ्या रात्री सलाईन ओढून "विहिरीवर जायचंय" म्हणत उठायला लागली, चष्मा आणि कानाचं मशीन लावल्यावर कुठे मला ओळखलं.