वनस्पती म्हणजे निर्धोक?
‘वनस्पतीच आहे, अपाय होणार नाही’ हे मधुमेहावरच्या वनस्पती-उपायांच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. माझे वडील रक्तातली साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराईडच्या गोळीसोबत रोज कारल्याचा रस घ्यायचे, वर मंडईतून आणलेलं जांभूळबियांचं चूर्ण. एकदा पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरताना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले, तिथेच खाली बसले. साखर ५४ भरली, म्हणजे धोकादायक कमी! डॉक्टरांना रसाबद्दल आम्ही सांगितलंच नव्हतं. ते थोडंच औषध आहे, असं वाटायचं.

वनस्पतींना माझा विरोध नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधाचं मूळही युरोपातल्या गॅलेगा या वनस्पतीतच. पण तिच्यातलं गॅलेगिन हे द्रव्य विषारी निघालं. त्याच्याच जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि फ्रान्समध्ये रुग्णांपर्यंत पोचायला १९५७ उजाडलं. कारल्याच्या रसाचीही मात्रा किती, चालू गोळ्यांबरोबर काय होतं, हे तसंच तपासून सांगा ना!