सौद्यात रंग पाहतात, म्हणून काहिलीत हायड्रॉस पडतो

गुळाचा हंगाम सुरू झाला की भेसळीची ओरड होते, काही गुऱ्हाळांवर धाडी पडतात आणि सगळा दोष गुऱ्हाळमालकाच्या माथी मारून विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही. कोल्हापुरी गुळातील भेसळीचे मूळ सौद्याच्या, म्हणजे बाजार समितीतल्या गुळाच्या लिलावाच्या, पद्धतीत आहे.

सौद्यात व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा काढतो, रंग आणि कणी पाहतो, बोटाने दाबून कडकपणा अजमावतो आणि बोली बोलतो. पिवळाधमक रवा भाव खाऊन जातो, तांबूस रवा मागे पडतो. त्यात काय घातले आहे, हे कुणी विचारत नाही. आपल्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आहे आणि पिवळ्या रंगाची मागणी तिथून येते, हे खरे. पण संक्रांतीला आपणही दुकानात पिवळीच ढेप मागतो.

चोपण (क्षारयुक्त) रानातला किंवा नत्र जास्त झालेला ऊस असेल, तर गूळ मुळातच काळसर उतरतो. रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढत राहणे हा जुना उपाय, पण त्याला वेळ आणि जाणती माणसे लागतात. त्याऐवजी हायड्रॉसची, म्हणजे रंग उडवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाची, पावडर टाकली की काहिलीतला (रस आटवायच्या कढईतला) रंग पाहता पाहता उजळतो. गंधकाचा अंश मात्र गुळात राहतो आणि साठवणीत तो रंग पुन्हा काळवंडतो. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. सौद्यात तो मोजतो कोण?

हिशेबही पाहावा. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, टनाला ३,५५० रुपये ठरली. ती कारखान्यांना लागू असली, तरी गुऱ्हाळालाही त्याच्या आसपास दर दिल्याशिवाय ऊस मिळत नाही. टनातून गूळ निघतो साधारण एक क्विंटल, फार तर थोडा अधिक. गुळव्याची (गूळ शिजवणाऱ्याची) आणि जळव्याची (चुलाणात जळण घालणाऱ्याची) मजुरी, अडत, हमाली वेगळी. आणि गुळाला हमीभाव नाही. अशा वेळी रंगापायी रवा मागे पडणे कोणत्या मालकाला परवडेल? साखर स्वस्त असली की तीही काहिलीत जाते, ती याच हिशेबाने.

२०१४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाने यात फारसा फरक पडलेला नाही. बाहेरचा गूळही आपल्या नावाच्या खोक्यांत भरला जातो. आता तपकिरी गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून दुप्पट भावाने खपवण्याची नवी टूम निघाली आहे. वास्तविक करपलेला गूळही तपकिरीच असतो. सेंद्रिय प्रमाणीकरणाचे अधिकृत चिन्ह नसेल, तर त्या दाव्याला अर्थ नाही.

बाजार समिती प्रत्येक सौद्यावर फी घेते. त्या पैशातून यार्डातच तपासणीची सोय करावी, बोली लागण्यापूर्वी प्रत्येक थप्पीचा नमुना घेऊन गंधकाचे प्रमाण आणि बाहेरची साखर तपासावी, आणि निकालाची चिठ्ठी थप्पीवर लावूनच सौदा काढावा. सुरुवातीला एका हंगामापुरते, ज्या गुऱ्हाळमालकांची तयारी आहे त्यांच्याच मालासाठी केले, तरी चालेल.