सत्ता सोडली, सरकार राखलं

«पटत नसेल तर सरकार पाडा. मंत्रिपदं सोडायची आणि सरकारही तारायचं, हे कसलं राजकारण?» कोथरूडचे माझे मामा फोनवर हे तावातावाने म्हणतात. त्यांचा राग उगीच नाही. चरणसिंग, देवेगौडा, गुजराल या तिघा पंतप्रधानांनाही काँग्रेसने बाहेरून दिलेला पाठिंबा वर्षभरसुद्धा टिकला नाही, हे त्यांच्या पिढीने पाहिलंय. तरी मामांशी मी सहमत नाही, आणि त्याला कारण मी राहतो ते ऑस्लो, नॉर्वेची राजधानी.

जानेवारी २०२० मध्ये सत्तेत सहभागी असलेला इथला प्रोग्रेस पक्ष सरकारबाहेर पडला. सीरियातल्या छावणीतून, आयसिसशी संबंध असल्याचा संशय असलेल्या एका बाईला तिच्या आजारी मुलासह सरकारने परत आणलं, हे त्यांना मान्य नव्हतं. पक्षाच्या नेत्या सीव येन्सन यांनी अर्थखातं सोडलं आणि त्याच वेळी सांगितलं, पंतप्रधान म्हणून आम्हाला एर्ना सोलबर्गच हव्यात. सोलबर्ग २०२१ च्या निवडणुकीपर्यंत टिकल्या. त्यांचं सरकार अल्पमतात होतं, त्यामुळे २०२० च्या शरदात अर्थसंकल्पासाठी त्यांना याच पक्षाशी वाटाघाटी कराव्या लागल्या. कोणी काय मागितलं, काय मिळवलं, सगळं लोकांसमोर. इथे संसद मुदतीआधी बरखास्त करताच येत नाही, म्हणून मध्यावधी निवडणुकीची धमकी कोणी कोणाला देऊ शकत नाही. हा फरक मोठा आहे, आणि तो आपल्याकडे आणता येणार नाही, हेही मी मान्य करतो.

पण दुसरी गोष्ट आणता येईल. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. २८८ च्या विधानसभेत भाजपचे निवडून आलेले १२२, बहुमताला २३ कमी. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केलेला, शिवसेना विरोधी बाकांवर, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते. आणि विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने, म्हणजे नुसत्या ‹हो›-‹नाही›च्या आवाजावर, मंजूर! शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी, म्हणजे दोन्ही बाजूंची मतं मोजून नोंदवणं, मागत होते. सरकार नेमकं कोणाच्या मतांवर तरलं, याची नोंदच उरली नाही. महिना व्हायच्या आत शिवसेना सरकारात गेली.

माझी तक्रार आहे ती इथे. सत्तेबाहेर राहून सरकार टिकवणं हा गुन्हा नाही. एखाद्या प्रश्नावर मंत्रिपद सोडावं, पण राज्याला पुन्हा निवडणुकीत लोटू नये, ही भूमिका जबाबदारीचीही असू शकते. पण मग हात वर करून, नावानिशी मत द्या. कोणत्या मागण्यांवर पाठिंबा देताय ते लिहून जाहीर करा. महापालिकेतला २००७ चा ‹पुणे पॅटर्न›, म्हणजे काँग्रेसला बाजूला ठेवून राष्ट्रवादी, शिवसेना आणि भाजप एकत्र आलेले, पाहिलेल्या आपल्या पुण्याला तरी कोण कोणाबरोबर का बसलं हे विचारायची सवय हवी.

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातली बहुमत चाचणी गुप्त मतदानाने नको, थेट प्रक्षेपण करा, असा आदेश दिला. ३० नोव्हेंबरला सभागृहात शिरगणती झाली आणि उद्धव ठाकरे यांच्या बाजूने १६९ आमदार मोजले गेले. तेव्हा न्यायालयाला सांगावं लागलं. विधानसभेने स्वतःच्या नियमांत विश्वासदर्शक ठरावापुरतं आवाजी मतदान बंद करावं, एवढीच मागणी पुण्याच्या आमदारांकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, करायला हवी.