बदामाचा पाचोळा

नोव्हेंबरातला शनिवार. सकाळी नऊला मी दाताळं घेऊन अंगणात उतरतो आणि ही खिडकीतून ओरडते, "कानटोपी!" नोकरीत होतो तोवर आमच्या न्यू जर्सीच्या घरचं गवत आणि पानं एक पोरगा येऊन आवरायचा. निवृत्त झाल्यावर मी त्याला नारळ दिला. तेव्हापासून माझी पाठ आणि माझा अहंकार यांची दर शनिवारी कुस्ती लागते.

मेपल समजूतदार झाड. दहा दिवसांत सगळी पानं टाकून मोकळं होतं. ओक मात्र सरकारी फायलीसारखा आहे, थंडी पडली तरी निम्मी पानं धरून बसतो. आज झाडलं की उद्या पुन्हा तेवढीच.

पाचोळ्यावरून यंदा भांडणही चाललंय, पण ते कोथरूडमध्ये. तिथल्या सोसायटीत आमचा जुना फ्लॅट आहे आणि फाटकाशी देशी बदामाचं झाड. ते काढून टाकावं, असा विषय सभेपुढे येणार आहे. कारणं दोन : पानांचा कचरा होतो, आणि तेवढ्या जागेत दोन गाड्या बसतील. मी ग्रुपवर विरोध नोंदवला. लगेच उत्तर आलं, "काका, तिकडे बसून सांगणं सोपं आहे. इथे येऊन झाडून दाखवा."

झोंबलं. निम्मं खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

बदामाचं पान आठवून बघा. तळहातापेक्षा मोठं, चामड्यासारखं जाड, पडताना 'टप्प' आवाज करणारं, आणि गळायच्या आधी लालबुंद. इथे ऑक्टोबरात अशाच लाल पानांसाठी लोक गाड्या काढून व्हर्माँट गाठतात, हॉटेलं भरून जातात. आमच्या बदामाचं पान लाल होण्यात तसूभर कमी पडत नाही. पण त्याचा फोटो काढायला कोणी थांबत नाही, त्याला कचरा म्हणतात.

इथलं सगळं थोर आहे असं मात्र कोणी समजू नये. इथल्या माणसाला हिरव्या गवताचं खूळ आहे. त्याला खत घालायचं, पाणी पाजायचं, वाढलं की कापायचं, आणि मधे एक पिवळं डँडेलियन उगवलं तर शत्रू घुसल्यासारखं औषध मारायचं. वर ते पानं उडवायचे ब्लोअर! रविवारी सकाळी एक सुरू झाला की गल्ली थरथरते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये पेट्रोलवरच्या ब्लोअरला २०२२ पासून बंदी आहे. ती आमच्याकडे येईल त्या दिवशी मी पेढे वाटीन.

एक गोष्ट मात्र इथून उचलण्यासारखी आहे. इथे अंगणात पानं जाळायला कायद्यानं मनाई आहे आणि लोक ती पाळतात. नगरपालिकेची गाडी ठरलेल्या आठवड्यात येऊन ढीग नेते. उरलेल्या पानांवरून मी गवत कापायचं यंत्र फिरवतो. त्यांचा भुगा होतो आणि उन्हाळ्यात टोमॅटोला खत मिळतं. आपल्याकडेही उघड्यावर कचरा जाळण्यावर हरित लवादानं २०१६ मध्ये बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड ठेवला. तरी गेल्या जानेवारीत पुण्यात होतो तेव्हा रोज सकाळी धुराचा वास यायचा. गंमत म्हणजे आमचीच सोसायटी ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्यात ओल शोषायला पैसे मोजून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणते. तेच काम बदामाचा पाचोळा फुकटात करतो, पानं थोडी चुरून घातली की झालं. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा उपक्रम तर ज्यांच्याकडे वाळकी पानं आहेत त्यांची गाठ ज्यांना ती हवीत त्यांच्याशी घालून देतो. आमच्या मंडळींना एवढं अंतर चालायचं नसेल तर खड्डा जिन्याखालीच आहे.

झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कोणीतरी हात जोडल्याची खूण टाकली. तिचा अर्थ प्रत्येक ग्रुपवर वेगळा असतो.

आणि झाडून दाखवायचं म्हणाल, तर गेल्या जानेवारीत मी खराटा हातात घेतलाही होता. पाच मिनिटांत वरून दोन खिडक्या उघडल्या. "काका, तुम्ही कशाला? लोक काय म्हणतील?" शेवटी रोज झाडणाऱ्या मावशींनीच खराटा काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या, कमरेत उसण भरंल." पानांचा त्रास होतो म्हणून ठराव आणणाऱ्यांपैकी एकानंही त्या फाटकाशी कधी खराटा धरलेला नाही. जिनं धरलाय तिला मी विचारलं, झाड नको का वाटतं? त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात बसायचं कुठं मग?"

सभा रविवारी सकाळी दहाला आहे, म्हणजे आमच्याकडे शनिवारी रात्री साडेअकरा. झूमवर बसणार आहे. बोलायची संधी मिळाली तर मावशींचा प्रश्न तेवढा वाचून दाखवीन. ही म्हणते, दिवसभर पानं ओढून साडेअकराला तू घोरत असशील. दुपारची झोप आत्ताच उरकून घ्यावी म्हणतो. ओककडे बघितलं तर आजही काम संपायचं लक्षण नाही.