दाबलाय हो क्लच!

साताऱ्यात मोती चौकातून राजवाड्याकडे निघाले होते. पुढच्या रिक्षाला अचानक थांबावंसं वाटलं, मी ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. ऐन गर्दीत, पेढ्याच्या दुकानासमोर. लगेच "ताई, क्लच दाबा क्लच!" सुरू. मागचा बुलेटवाला, दुकानातला पोऱ्या, मेथीची जुडी घेतलेल्या एक काकू, सगळे क्लचतज्ज्ञ.

दाबलाय हो! पार तळाला टेकवलाय.

मी अकरावीला फिजिक्स शिकवते, हे काच खाली करून कुणाकुणाला सांगणार? क्लच न दाबता ब्रेक मारला तर गाडी बंद पडते, हे खरंच आहे. चाकं आणि इंजिन तेव्हा एकमेकांना जखडलेली असतात. ब्रेक चाकांना रोखतो, चाकं इंजिनला खाली खेचतात. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे मारतं. त्याच्या फार खाली गेलं की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनने आतली हवा दाबायची खेप, पार करायला लागणारा जोर फ्लायव्हीलमध्ये, इंजिनाच्या जड चाकात, उरत नाही आणि कारभार आटोपतो. पण क्लच दाबला की दोघांची फारकत. मग चाकं थांबली म्हणून इंजिनाने का थांबावं? माझा प्रश्न एवढाच होता. तो ऐकायला कुणी नव्हतं.

होते ते एक आजोबा. पांढरी टोपी, काखेत छत्री. काचेवर टकटक करून म्हणाले, "कुठल्या म्हनायच्या तुमी?"

मागे हॉर्नचा कल्लोळ. मी चावी फिरवतेय.

"इथलीच, शाहूपुरीतली."

"न्हाई, माहेर?"

"औंध."

"औंधात कुनाच्या?"

सांगितलं. न सांगून सुटका नव्हती. आजोबांनी डोळे मिटून आमची भावकी चाळली, त्यांच्या मेहुणीचं पुसेसावळीचं सासर आमच्या कुठल्याशा चुलत्याला नेऊन भिडवलं आणि नातं पक्कं झाल्यावरच बॉनेटकडे पाहिलं. "मी यष्टीवर डायवर हुतो. आता ऐका. गाडी कचकन थांबली, पर आतलं पेट्रोल थांबतंय व्हय? ते म्होरं पळतंय. इंजनाच्या तोंडाला येतंच न्हाई."

मला इनर्शिया, म्हणजे जडत्व, शिकवत होते! वर हाताने पेट्रोल कसं पळतं तेही दाखवलं, छत्री बुलेटवाल्याच्या हेल्मेटला लागेपर्यंत. चिडायला कारण असं की म्हातारा पूर्ण चूक नव्हता. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जोरात ब्रेक मारला की फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं, पेट्रोल खरंच पुढे हिंदकळायचं आणि इंजिन मरायचं. माझ्या गाडीत मात्र इंजेक्टर आहेत, पंप दाबाने पेट्रोल पाठवतो. हे मी सांगायला गेले तर म्हणाले, "घरी सायेब असतील न्हवं? त्यास्नी बलवा."

साहेब! आमचे साहेब स्कूटरसुद्धा नारळ फोडून बाहेर काढतात.

शेवटी चारजणांनी ढकलून गाडी कडेला लावली. ढकलतानाही एकाचं चालूच, "ताईंनी स्पीडमध्ये ब्रेक मारला असंल." कसला स्पीड? मोती चौकात? हजार किलोची गाडी ताशी 36 किलोमीटरने जात असली तर तिच्यात 50,000 ज्यूल ऊर्जा असते, 72 ने गेली तर चौपट, आणि ती सगळी ब्रेकला उष्णता करून घालवावी लागते. म्हणून वेग दुप्पट केला की थांबायला अंतर चौपट लागतं. माझी गाडी रिक्षामागे रांगत होती. तिच्या ऊर्जेवर चहाचा कपसुद्धा तापला नसता.

दोष ब्रेकच्या बूस्टरमध्ये निघाला. हा डबा इंजिनातल्या व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेडल हलकं लागतं. आतला पडदा फाटला होता. ब्रेक दाबला की त्या फटीतून फाजील हवा इंजिनात शिरायची, पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडायचं आणि आयडलिंगवरचं इंजिन गचकायचं. म्हणजे क्लच दाबा नाहीतर त्यावर उभ्या राहा, फरक शून्य. शिवाय इंजिन बंद झाल्यावर साठलेला व्हॅक्यूम एकदोन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. उतारावर असते तर? हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाई म्हटली की क्लच, विषय संपला.

गॅरेजवाल्यानेही हे सगळं मला सांगितलं नाहीच. समोर मी उभी, तर म्हणाला, "साहेबांना फोन लावून द्या, समजावतो." आमच्या साहेबांनी पंधरा मिनिटं "हो, हो, बरोबर" केलं आणि फोन ठेवून मला विचारलं, "बूस्टर म्हणजे काय गं?"

पैसे मी दिले. बिलावर नाव त्यांचं. बदला म्हटलं तर म्हणे, "राहू द्या मॅडम, पुढच्या सर्व्हिसिंगचा मेसेज साहेबांनाच जाईल."