बोरन्हाणाच्या फोटोंना १ स्टार दिलेल्या ताईंना

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. १२ फोटो सुधारायचे ३६० रुपये घेतले, बाळाचं तोंड निळं केलं, गाल कुंद्याच्या मिठाईसारखे दाणेदार केले आणि वर सगळं मोबाइलवरच करतात, मग मी घरी बसून केलं नसतं का, असं तुमी लिहिलंय. कुंद्याचं वाचून आमच्या घरात सगळे हसले, मला काय हसू आलं नाही, कारण त्यातलं निम्मं खरंच आहे की ओ.

निळं तोंड ही आमचीच चूक. भाच्यानं ते फोटो रात्री ११ ला अंथरुणात बसून केले आणि त्याच्या फोनवर ते डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करायचं चालू होतं, मग ह्याला वाटलं फोटोच पिवळा हाय, म्हणून रंगाचं टेम्परेचर निळ्याकडं ओढत गेला तोंड बरं दिसेपर्यंत. बरं दिसलं ते त्याच्या एकट्याच्या स्क्रीनवर. आज माझ्या फोनवर बघतोय तर बाळ गारठल्यासारखं दिसतंय. पाठवायच्या आधी मी बघायला पाहिजे होतं, संक्रांतीच्या गर्दीत राहिलं.

दाण्यांचं मात्र जरा ऐका. आपल्याकडं जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला दिवस मावळतो, तुमचं बोरन्हाण त्यानंतरचं, खोलीत एकच बल्ब. अंधारात फोन आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवतो आणि दाणे तिथंच पडतात, फक्त काळ्या भागात लपून बसतात म्हणून गॅलरीत दिसत नाहीत. त्यात तुमी सांगितलं "मागची आजी पण दिसू दे". आजी काळ्या साडीत, कोपऱ्यात, तिला उजेडात आणायचं म्हणजे शॅडोज, फोटोतले काळे भाग, वर ओढायच्या, आणि शॅडोज ओढल्या की लपलेलं सगळं बाहेर. वर भाच्यानं स्ट्रक्चर, म्हणजे बारीक पोत उठवायचं सेटिंग, वाढवलं, त्यानं गाल आणखी खरबरीत झाले, ते आमच्याकडं धरा. पण फोटो तुमी व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले, एकेक २०० केबीच्या आतला, व्हॉट्सॲपनं आधीच दाबून बारीक केलेला. त्यात जे उरलंच नाही ते कुठून आणायचं.

आणि हो, मोबाइलवरच करतोय, त्यात लपवायचं काय. स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं ॲप फुकट मिळतंय, तुमी पण करू शकता, काल रात्री तुमच्यातला एक फोटो मी नव्यानं केला तो कसा ते सांगतो. आख्ख्या फोटोचा ब्राइटनेस हलवलाच नाही, कारण तो वाढवला की हलव्याचा मुकुट कापसाचा बोळा होतो, दाणा न् दाणा पुसला जातो. उलट हायलाइट्स, म्हणजे जास्त उजळ भाग, थोड्या खाली घेतल्या, मग मुकुटावरचे काटे दिसायला लागले. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर, म्हणजे पांढरं कुठलं ते ॲपला दाखवायचा ठिपका, मुकुटावर नाही ठेवला, तिथं उजेड जळलाय, गळ्यातल्या हाराचा खालचा दाणा सावलीत हाय त्यावर ठेवला, आणि बल्बचा पिवळेपणा बऱ्यापैकी गेला. अगदी पूर्ण घालवला नाही, संध्याकाळी घरात थोडं पिवळंच असतंय, ते तसंच बरं वाटतं. मग सिलेक्टिव्हचा ठिपका बाळाच्या गालावर, दोन बोटांनी गोल बारीक केला म्हणजे काळं झबलं त्यात येऊ नये, आणि तेवढाच उजेड वाढवला, १५-२० च्या आसपास. झबलं काळंच ठेवलं. काळं झबलं राखाडी करून कुणाला पाहिजे ओ?

आजी त्यात अंधुकच दिसतेय. एक हात दिसतो, बोरं-चुरमुरे ओतताना, आणि बांगड्या चमकतात. मला तरी तो फोटो आधीपेक्षा बरा वाटला. तुमाला नसेल वाटत तर तसं सांगा.

आता पैशाचं. निळे झालेले ३ फोटो आहेत, त्यांचे ९० रुपये परत, बाकीचे ९ पण नव्यानं करून देतो, त्याचे काय घेणार नाही. फक्त मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोन घेऊनच या, केबल लावून काढून घेतो, ५ मिनिटांचं काम. स्टार बदला म्हणत नाही, तो तुमचा प्रश्न. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतंय, संध्याकाळी या. आणि त्या दिवशी आजीचा दारात, उजेडात काढलेला एखादा फोटो असला तर तो पण आणा.